येलित्साचा झ

रुमेननं फोटो पाठवले तेव्हा येलित्सा घरी फोन लावून, दारिनानं सूप खाल्लं का, ते विचारत होती. सकाळपासूनचा हा कितवा फोन, ते तिनं मोजलं नव्हतं. वेलिननं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, मोजलं असणार. दारिना वर्षाची होऊन गेली होती. दाढा येत होत्या म्हणून दोन दिवस अंग तापलेलं, आज ताप उतरलेला. प्लोवदिव शहरातल्या कुठल्याही बाळाइतकीच ती धडधाकट होती, पण हे येलित्साला पटवायचा नाद वेलिननं कधीच सोडून दिला होता.

"सूप खाल्लं," तो म्हणाला. "श्वासपण घेतेय. मधूनमधून सोडतेयसुद्धा."

"चेष्टा पुरे. गॅलरीचं दार?"

"लावलंय."

"कडी?"

"कडी लावलीय, कडीला खुर्ची लावलीय, खुर्चीवर मी बसलोय. काम कर तू."

तिनं फोन ठेवला आणि पडद्याकडे वळली.

'लूपा'चं ऑफिस म्हणजे कापाना या जुन्या वस्तीच्या गल्लीबोळांत, एका चपला शिवणाऱ्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. लूपा म्हणजे भिंग. परीक्षेचा पेपर फुटावा तसे नव्या वस्तूंचे फोटो बाजारात यायच्या आधी फुटतात. कुठला तरी फोन, कुठलं तरी घड्याळ, कुणीतरी कारखान्यात चोरून टिपलेलं. त्यातले निम्मे बनावट. कुठले खरे, कुठले बनावट, हे सांगणारी ही छोटीशी बातम्यांची साइट. आठवड्याला एक तरी फोटो येलित्साच्या पुढ्यात यायचा आणि तिच्या नावानिशी त्यावर शिक्का बसायचा: खरा, खोटा, किंवा सांगता येत नाही. तिसऱ्या शिक्क्याला साइटचा संपादक रुमेन भित्र्याचा शिक्का म्हणायचा, आणि येलित्सानं तो क्वचितच वापरला होता. तिचा शिक्का आजवर चुकला नव्हता. बाहेरदेशीच्या मोठमोठ्या साइट्ससुद्धा आता 'प्लोवदिवची ती बाई काय म्हणते' ते बघून बातमी लावायच्या. बाळंतपणाच्या रजेवरून ती लवकर परतली ती या नावापायीच. रजा हक्काची होती, घरी बसता आलं असतं. पण घरी बसून नुसतं बाळाकडे बघत राहिले तर मला वेड लागेल, असं तिनं वेलिनला सांगितलं होतं. वेलिनची नोकरी हिवाळ्यात गेली होती. घरगुती यंत्रांचे आकार काढायचं, डिझाइनचं काम करायचा तो. मग तो घरी राहिला आणि ती बाहेर पडली.

बघत राहणं हा तिचा स्वभावच. मुलीच्या पापण्यांचा रंग, नखांचा रंग, झोपेतल्या श्वासाची लय, यांतलं काहीही बदललं तर तिला आधी कळायचं. फोटोतही तेच. इतर लोक आधी वस्तू बघायचे. येलित्सा आधी वस्तूच्या शेजारचं बघायची.

फोटो चार होते. टेर्वो कंपनी पुस्तकासारखी उघडणारी, दोन पडद्यांची वाचनपाटी काढणार, अशी कुजबुज वर्षभर चालू होती. ती पाटी इथे कुणाच्या तरी गुडघ्यावर उघडी पडली होती. कडा मऊ, गोलसर. रंग पावसाळी ढगासारखा. पण रुमेनचा आवाज थरथरत होता तो पाटीच्या देखणेपणामुळे नव्हे.

"पडदा बघ," तो म्हणाला. तो तिच्या खुर्चीच्या मागेच येऊन उभा राहिला होता. "अक्षरं बघ, येली. आपली अक्षरं आहेत."

खरंच होती.

जगाला वाटतं, सिरिलिक लिपी एकच. बल्गेरियाची असो की रशियाची. लिपी एकच, पण वळण वेगळं. मराठी वाचणाऱ्याला हिंदी छापाचा ल आणि श पुढ्यात आला की कसं होतं? वाचता येतं, अडत काहीच नाही, पण कुणीतरी आपल्या घरातली भांडी परस्पर दुसऱ्याच फळीवर लावून ठेवल्यासारखं वाटतं. इथल्या माणसांचं आयुष्य तसं गेलं. फोनवर, संगणकावर, औषधाच्या खोक्यावर, सगळीकडे शेजारच्यांचं वळण. आपलं वळण शाळेच्या पहिल्या इयत्तेत फळ्यावर आणि हौशी लोकांनी काढलेल्या पुस्तकांत. बऱ्याच जणांना फरक कळतही नाही. ज्यांना कळतो त्यांना तो रोज टोचतो. आणि इथे टेर्वोसारख्या धनाढ्य कंपनीनं, जिला हा देश नकाशावर शोधायला वेळ लागला असता, तिनं पडद्यावर शुद्ध बल्गेरियन वळण आणलं होतं. द चा पाय ओळीखाली उतरलेला. व आणि क ची दांडी उंच. आणि झ.

येलित्सानं झ पाहिला आणि नजर काढून पुन्हा कडांवर नेली.

परवा चोवीस मे. लिपी देणाऱ्या दोघा संतांचा, अक्षरांचा सण. खाली गल्लीत शाळेची पोरं ढोल वाजवत तालीम करत होती, दारांवर हिरवी वेल चढत होती. हे फोटो गेले दोन दिवस इंटरनेटवरच्या गप्पांच्या कट्ट्यांवर बारीक, पुसट आकारात फिरत होते. त्या दोन दिवसांत येलित्सा दारिनाच्या तापामुळे घरी होती आणि तिनं थर्मामीटरशिवाय काहीही वाचलं नव्हतं. आज रुमेनच्या हाती मोठे, स्वच्छ फोटो लागले होते. सणाच्या सकाळी बातमी लावायची, वर येलित्साचा 'खरा' असा शिक्का, असं त्यानं मनात पक्कं करून टाकलं होतं. त्याचे वडील छापखान्यात शिशाचे खिळे जुळवायचे. म्हातारपणी बोटं काळीच राहिली त्यांची. ही पाटी बघायला ते हवे होते, असं तो दोनदा म्हणाला.

पलीकडच्या टेबलावरून गेर्गाना म्हणाली, "दोघा संतांनी वरून पार्सल धाडलंय. पोचपावतीवर सही कर, येलित्सा, आणि आम्हाला बानित्सा खायला सोड." गेर्गाना वाचकांची पत्रं सांभाळायची आणि भूक लागली की धार्मिक व्हायची.

"नीट बघ," रुमेन म्हणाला. "पण जरा लवकर बघ."

येलित्सा बघायला बसली.

तिनं अंगठ्याखालची सावली पाहिली. अंगठा जिथे कडेला टेकला होता तिथे सावली गडद, पुढे विरत गेलेली, जशी असायला हवी तशी. पडद्याच्या काचेत खिडकीचं प्रतिबिंब होतं, खिडकी ज्या बाजूला असावी त्याच बाजूला. फोटो मोठा करत करत तिनं त्याचे कण पाहिले. जोडकाम केलेल्या फोटोत जोडलेल्या तुकड्याचे कण वेगळे दिसतात, एका गोधडीत दोन तऱ्हेचं कापड लागावं तसे. इथे सगळीकडे एकच पोत. बिजागरीच्या फटीत बारीक धूळसुद्धा होती. बनवणारे धूळ विसरतात.

फोटो खरा होता. कुणीतरी खरोखरची वस्तू खऱ्या उजेडात धरून तो काढला होता. ती वस्तू खरी आहे का, हा निराळा प्रश्न. आणि त्या प्रश्नाचं उत्तर पडद्याच्या तळाशी एका बटणावर लिहिलेलं होतं. बटणावर शब्द होता 'प्रोदल्झी', म्हणजे पुढे चला. त्यातला झ.

सोफियाच्या कला अकादमीत शेवटच्या वर्षी येलित्सानं एक अख्खी अक्षरमाला काढली होती. तिचा झ सगळ्यांच्या झ पेक्षा वेगळा होता. दोन्हीकडच्या फाट्यांमधली दांडी उंच, हे तर आपलं वळणच. पण तिची दांडी टोकाला किंचित डावीकडे झुकायची. मास्तर म्हणाले होते, हा काय प्रकार, तुझा झ दारातून डोकावून कुणाची तरी वाट बघतोय. सरळ कर. तिनं केला नाही. गुण गेले. ती अक्षरमाला कुठे छापली गेली नाही, कुणाला दिली गेली नाही. मास्तर वारले. ती होती फक्त घरच्या संगणकावर, दारिनाच्या जन्माच्या फोटोंशेजारच्या कप्प्यात.

आणि इथे टेर्वोच्या पाटीवर तो झ डोकावून बघत होता.

तिनं पुन्हा सावल्या पाहिल्या. पुन्हा कण पाहिले. कुणा दुसऱ्याच्याही हातून दांडी झुकू शकते, असं स्वतःला सांगितलं. जगात माणसं पुष्कळ आहेत, डावीकडे झुकायला कुणालाही मोकळीक आहे. मग तिला राखाडी भुकटी आठवली. गेल्या महिन्यात दारिनाच्या तळहातांना गॅलरीतली बारीक राखाडी भुकटी लागली होती. येलित्सानं घाबरून थेट मुलांच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला होता: रंगात शिसं असेल का, पोटात गेलं असेल का, रक्त तपासायचं का. वेलिन म्हणाला होता, अगं, लाकडी घोडा घासतोय पोरीसाठी. घोडा काही अजून दिसला नव्हता. तिला भुकटीची एवढी काळजी लागली होती की घोड्याचं विचारायचं राहूनच गेलं.

जेवायच्या वेळी ती उठली. घरी जाऊन येते, म्हणाली. रुमेननं काही विचारलं नाही. ती दुपारी मुलीला बघायला पळते हे सगळ्यांना ठाऊक होतं. गेर्गाना म्हणाली, "जा, श्वास मोजून ये."

वेलिन दारिनाला ल्युतेनित्साची लाल चटणी लावलेला ब्रेडचा तुकडा भरवत होता. मुलीच्या नाकापर्यंत लाल रंग. गॅलरीच्या दाराला कडी होती, कडीला खुर्चीही होती. येलित्सानं चपला काढल्या नाहीत.

"घोडा कुठाय?" तिनं विचारलं.

त्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याला कळलं. तो उठला, कपाटावरचं डायपरचं रिकामं खोकं खाली काढलं, आणि त्यातून ढगाच्या रंगाची पाटी काढून टेबलावर ठेवली. आत त्यांच्याच जुन्या फोनचे दोन पडदे बसवलेले होते. कडा इतक्या मऊ घासलेल्या की येलित्साचं बोट आपसूक त्यांवरून फिरलं. मग तिनं हात मागे घेतला.

त्यानं जे सांगितलं ते थोडक्यात असं. टेर्वोला आकार काढणारी माणसं हवी होती. अर्ज करणाऱ्यांना त्यांनी सांगितलं होतं, आमची एखादी वस्तू तुमच्या घरात, तुमच्या भाषेत कशी दिसेल ते करून दाखवा. वेलिननं दारिना दुपारी झोपली की गॅलरीत बसून ही पाटी घडवली. पडद्यावर कुणाची अक्षरं घ्यायची, हा त्याला प्रश्नच पडला नव्हता. अर्जात दोघांची नावं होती. पाठवायच्या आधी जुन्या ऑफिसातल्या एका मित्राला फोटो दाखवले, मत विचारायला, आणि त्या महाभागानं गंमत म्हणून ते कट्ट्यावर टाकले: बघा, टेर्वोचं फुटलं. पुढे काय झालं ते येलित्साला माहीतच होतं.

"मला कधी सांगणार होतास?"

"चोवीसला. सकाळी फुलांबरोबर हातात द्यायची होती."

"आणि फुटल्यावर? दोन दिवस मी याच घरात होते, वेलिन."

"तू थर्मामीटरमध्ये होतीस."

"तू तुझ्या फोनमध्ये होतास. मला वाटलं नोकऱ्या बघतोयस."

"लोक काय लिहितात ते वाचत होतो." त्यानं दारिनाचं नाक पुसलं. गरज नव्हती तरी पुन्हा पुसलं. "हे खोटं असूच शकत नाही, असं लिहीत होते. कुणीतरी लिहिलं, या कडा ज्यानं घासल्या त्याला माणसाच्या तळहाताची समज आहे. हिवाळ्यापासून माझ्याशी कुणी धड एक शब्द बोललं नव्हतं, येली. 'ते माझं आहे' असं लिहायला रोज हात उचलायचो आणि पुढचं एक वाचून घेतो म्हणायचो."

"आणि ते माझ्या टेबलावर येईल, हे सुचलं नाही?"

खाली चौकात ढोलवाल्या पोरांनी ताल चुकवला, पुन्हा पहिल्यापासून धरला.

"सुचलं होतं," तो म्हणाला.

"म्हणजे परीक्षा घेत होतास माझी. बघू, ओळखते का."

"नाही गं. उलट. सगळे म्हणत होते खरं आहे. मला वाटलं, एकदा तू पण म्हणावंस."

फोटोत सावली कुठल्या बाजूला पडते यावरून खरंखोटं ठरवता येतं. नवऱ्याच्या चेहऱ्यावर कुठे बघायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तो खरं बोलत होता असं तिला वाटलं. मग हेही वाटलं की आज सकाळपर्यंत लाकडी घोडाही तिला खराच वाटत होता.

वेलिननं मागितलं ते फार नव्हतं. अर्ज गेला होता, टेर्वोचं उत्तर यायचं होतं. अर्जाच्या अटींत लिहिलं होतं की काम आधीच जाहीर झालेलं नको. या पाटीशी त्याचं नाव उघडपणे जोडलं गेलं की संपलं. तो म्हणाला, तू खरा म्हणू नकोस. खोटंपण म्हणू नकोस. तुझा तो तिसरा शिक्का आहे ना? सांगता येत नाही. कुणाचं काही बिघडत नाही. लोक आठवडाभर भांडतील आणि विसरतील. तोवर उत्तर येईल.

"पण मला सांगता येतंय," येलित्सा म्हणाली.

"कुणाला कळणार आहे?"

"तुला."

दारिनानं ब्रेडचा तुकडा खाली टाकला आणि तो कुठे गेला ते वाकून बघू लागली. दोघंही एकदमच तिला सावरायला पुढे झाली आणि दोघांची डोकी थाडकन आपटली. दुसऱ्या कुठल्याही दिवशी हसली असती.

जाताना येलित्सा दारात थांबली. त्याच्या अर्जाचा, पुढच्या हिवाळ्याचा विचार तिच्या मनात आला नाही असं नाही. त्या कडांवर त्यानं किती दुपारी घालवल्या असतील, तेही आलं. ती म्हणाली, "मी खोटा म्हणणार आहे. झ माझा आहे, हे लिहिणार आहे. तुझं नाव मी लिहिणार नाही. ते तुझं तू लिही. लिहिशील का नाही, ते पण तूच बघ."

परत चालत जाताना तिनं रस्ता लांबवला. नदीकाठानं गेली. मनातल्या मनात ती रुमेनला तिसऱ्या शिक्क्याची कारणं देऊन बघत होती आणि ती सगळी पटण्यासारखी होती, हीच अडचण होती. कण एकसारखे आहेत. सावल्या बरोबर आहेत. कंपनीनं दुजोरा दिलेला नाही. एक अक्षरही खोटं न बोलता ती खोटं बोलू शकत होती. पण मग पुढच्या वेळी एखादा फोटो समोर आला, की तिच्या डोळ्यांवर इतर कुणाचा बसला तरी तिचा स्वतःचा विश्वास बसला नसता. आणि मुलीच्या श्वासापासून ते गॅलरीच्या कडीपर्यंत तिचं सगळं त्या डोळ्यांवरच तर चाललं होतं.

रुमेन वाट बघत होता. तिनं बसायच्या आधीच सांगून टाकलं, "खोटे आहेत, भाऊ."

"कशावरून?"

तिनं घरून आणलेलं आपल्या जुन्या अक्षरमालेचं पान पडद्यावर उघडलं आणि शेजारी फोटोतलं बटण मोठं करून ठेवलं. रुमेननं चष्मा लावला. या झ कडून त्या झ कडे, त्या झ कडून या झ कडे तो बराच वेळ बघत राहिला. मग त्याचा चेहरा उजळला. येलित्साला हे अपेक्षित नव्हतं.

"त्यांनी तुझी अक्षरं उचलली," तो म्हणाला. "अगं, टेर्वोनं तुझी अक्षरं उचलली! मग तर खरेच आहेत फोटो. ही तर त्याहून मोठी बातमी आहे."

गेर्गाना खुर्चीतून उठून धावत आली. प्लोवदिवच्या मुलीचं अक्षर जगाच्या पाटीवर, असं दोघं एकमेकांना सांगू लागले. सणाच्या आदल्या आठवड्यात या गावातली शहाणी माणसं असाच विचार करतात. झ डोकावला की समोरून कुणीतरी येतंच आहे, असं धरून चालतात. येलित्साला तेवढा क्षणभर तो मार्गही मोकळा दिसला. नुसतं गप्प राहायचं. सगळं आपोआप खरं झालं असतं.

"उचलली नाहीत," ती म्हणाली. "ती पाटी आमच्या गॅलरीत बनलीय. वेलिननं बनवलीय. डायपरच्या खोक्यात ठेवलीय."

तिनं होतं ते सगळं सांगितलं. अर्ज, मित्र, दोन दिवस. रुमेननं चष्मा काढून शर्टाला पुसला.

"तुला कळलं कधी?"

"पहिल्या नजरेत."

"मग सकाळभर काय बघत होतीस?"

"सावल्या."

गेर्गाना आपल्या जागेवर गेली. तिला काही विनोद सुचला नाही किंवा सुचला तो तिनं गिळला. रुमेन खिडकीशी उभा राहिला. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला की त्याला वाईट पाटीचं वाटत नाही, अक्षरांचं वाटतं. सकाळपासून तो मनानं वडिलांना ते पान दाखवत होता. मग तो पुन्हा संपादक झाला. बातमी लागेल, खोटा म्हणूनच लागेल, झ कुणाचा तेही छापू. पण तुझं नाव शिक्क्यावर राहू देता येणार नाही, निदान आता तरी. लोक विचारतील, बनवणारा घरात आणि परीक्षाही घरातच, हे काय चाललंय? तू प्रामाणिक आहेस हे मला माहीत आहे. ते वाचकाला कसं दाखवू?

येलित्सा म्हणाली, बरोबर आहे. आणि तिनं बातमी लिहिली.

संध्याकाळी वेलिननं कट्ट्यावर आपल्या नावानं लिहिलं: ती पाटी मी केली, अक्षरं माझ्या बायकोची, दोन दिवस गप्प राहिलो ही चूक. लिहून झाल्यावर तिला वाचायला दिलं नाही. तिनं स्वतःच नंतर वाचलं. दुसऱ्या दिवशी टेर्वोचं उत्तर आलं. आभार मानले होते आणि अर्ज बंद केल्याचं कळवलं होतं. जेवताना त्यानं ते तिला सांगितलं आणि काकडीच्या ताकाचा वाडगा तिच्याकडे सरकवला. तो तिच्यावर रागावला नाही. रागावला असता तर तिला आपली बाजू मांडता आली असती. ती नुसती चमचा ढवळत राहिली आणि म्हणाली की कडा फार सुंदर आहेत.

"खरं?" त्यानं विचारलं.

"खरं."

त्यानं मान खाली घातली. दारिना दोघांकडे आळीपाळीनं बघत होती.

चोवीस तारखेला सकाळी सगळं गाव रस्त्यावर होतं. शाळांचे ताफे, फुलांनी मढवलेली अक्षरं, ढोल, शिक्षकांच्या हातांत मावत नाहीत एवढी फुलं. वेलिनच्या खांद्यावर दारिना, तिच्या डोक्यावर टोपी, टोपीखाली दुसरी पातळ टोपी. लूपाची बातमी वाचून लोक भडकले होते. सणाच्या दिवशी आमची अक्षरं काढून घेतलीत, असं एकानं लिहिलं होतं, जणू ती येलित्सानं चोरली होती. बऱ्याच जणांनी तिला नावं ठेवली होती. आणि पुष्कळांनी एवढंच विचारलं होतं: पाटी खोटी तर खोटी, अक्षरं कुठे मिळतील?

ताफा चौकात वळला तेव्हा तिचा फोन वाजला. रुमेन होता. ढोलांच्या आवाजात तिनं एका कानावर तळवा दाबला. कुठल्याशा नव्या घड्याळाचे फोटो फुटले होते, उद्या सगळीकडे लागतील, त्याला घाई होती. तो म्हणाला, "जरा नजर टाकतेस का? नाव नाही घालत तुझं. आपल्यातच. नुसतं मला सांग."

कालपर्यंत येलित्साला वाटत होतं, कुणी नावाशिवाय नुसतं मत विचारलं तरी पुरे.

"नाव घालणार असाल तर बघते, भाऊ," ती म्हणाली.

"अगं, लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. झ चं सगळं त्यांना माहीत झालंय, लपवायचं काही उरलेलं नाही. मी चुकले तर नावासकट चुकेन. चोरून बघायचं असेल तर दुसरं कुणी बघा."

पलीकडून नुसता ढोल ऐकू आला. तोही याच मिरवणुकीत कुठेतरी उभा होता. मग तो म्हणाला की विचार करतो, संध्याकाळी बोलू, आणि फोन बंद झाला. तो हो म्हणेल की नाही, याचा अंदाज त्याच्या आवाजावरून तिला आला नाही.

वेलिननं कुणाचा फोन ते विचारलं नाही. पुढे चालत राहिला. येलित्सानं पावलं उचलून त्याला गाठलं, दारिनाचा एक पाय हातात धरला, आणि रुमेन काय म्हणाला, आपण काय म्हणालो, ते सगळं त्याला शब्द न शब्द सांगायला सुरुवात केली.